फोल्डर जातं कुठे?

सोमवार, ३ मार्च

मालकीणबाईंनी आज मला एक रजिस्टर दिलं. म्हणाल्या, "फोल्डर गेलं की वेळ लिहायची. कधी गेलं, कधी आलं. बाकी काही लिहायचं नाही."

बाकी काही लिहायचं नाही म्हटल्यावर माझ्या हाताला खाज सुटली. म्हणून ही दुसरी वही. गावच्या शाळेत सातवीपर्यंत गुरुजी ओरडायचे, "हिच्या वहीत अक्षरं कमी आणि माझीच चित्रं जास्त!" या वहीत चित्रं नाहीत. तेवढी सुधारणा झालीय.

आधी फोल्डरचं सांगून ठेवते, नाहीतर पुढच्या वर्षी वाचताना मलाच कळायचं नाही. आमचा भरतकामाचा कारखाना. सहा मशिनं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये एक फोल्डर आहे, त्यात सगळ्या नक्ष्या. मशिनं वायरीतून तिथे जातात, नक्षी थोडी थोडी उचलून आणतात आणि कापडावर उतरवतात. सहा घरांना मिळून एक नळ, असं समजायचं. हा नळ गेले आठ-दहा दिवस जवळजवळ रोज बंद पडतोय. सहाही मशिनं एकदम उभी. अर्ध्या तासानं आपोआप चालू. तोपर्यंत अर्धवट राहिलेला बिल्ला फुकट. सध्या एका शाळेचे बिल्ले चाललेत, त्यावर घोडा आहे. आज माझ्याकडे तपासणीला नऊ घोडे असे आले की पुढचा अर्धा घोडा आणि मागचा अर्धा नुसतं कापड. बिल्ले बावीस तारखेला शाळेत पोचायला हवेत.

दुरुस्तीला वायरबुवा येतात. हे नाव मी ठेवलंय, तोंडावर भाऊजीच म्हणते. ह्यांचे जुने दोस्त. हे जाऊन दीड वर्ष झालं, पण बुवांचं "वहिनी" काही सुटलं नाही.

मंगळवार, ४ मार्च

गेलं एक दहाला, आलं एक चाळीसला.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्याजणी बाहेर झाडाखाली बसतात. मशिनं थांबवत नाहीत, पाळीपाळीनं दोघी आत राहतात, फोल्डरच्या वेळा मला त्याच सांगतात. मी मात्र धाग्यांच्या खोलीत. धागे माझ्या ताब्यात, किल्ली माझ्या कमरेला. त्या खोलीतच ह्यांचा कॉम्प्युटर आहे. हे त्याच्यावर बसून नक्ष्या काढायचे. फोल्डरही आधी त्याच्यातच होतं. गेल्या महिन्यात बुवांनी ते ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरमध्ये हलवलं आणि याच्यावर चादर पडली. आता भंगारवाल्याची वाट बघतोय.

सगळ्यांना वाटतं तो बंद आहे. बंदबिंद काही नाही. बटण दाबलं की खाकरत खाकरत उठतो, आमच्या सासूबाईंसारखा. उठल्या उठल्या एक चौकोन पुढे करतो, त्यात परक्या भाषेत काहीतरी कुरकुर लिहिलेली असते. मी फुलीवर टिचकी मारते, की गप. मग पत्त्यांचा डाव लावते. वर ह्यांचा आकडा लिहिलेला आहे, सगळ्यात मोठा. जिवंतपणी मला एक डाव जिंकू दिला नाही. आता तर उठून पत्ते लपवायची सोय नाही, आता बघते.

ही गोष्ट फक्त या वहीला माहीत.

गुरुवार, ६ मार्च

बुवांनी आज जमिनीलगतच्या सगळ्या वायरी उपसल्या. कारखानाभर आतडी पसरल्यासारखं झालं.

"वहिनी, उंदरानं कुरतडली असणार बघा."

"रोज जेवणाच्या वेळेलाच? मोठा शिस्तीचा उंदीर म्हणायचा."

जिथून जुनी काढली तिथे तशीच नवी वायर घातली. मग बुवा ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर बसले, हाताची घडी घालून. म्हणाले, "आज जाऊ दे माझ्यादेखत. बघतोच." बसले की बसलेच. एक वाजला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांना साखरेचा त्रास, वेळेवर जेवायला लागतं.

मी दटावलं, "उठा, जेवून या आधी. तुम्ही इथे आडवे झालात तर तुमची कुठली वायर कुठे जोडायची, मला नाही ठाऊक."

निमूट गेले. मीही माझ्या खोलीत गेले.

गेलं एक आठला. बुवा परत येईपर्यंत आलेलंही होतं. बिचारे दारातच उभे राहिले. "माझी पाठ वळली की जातं," म्हणाले.

"माणूस ओळखतं ते," मी म्हटलं. "लबाड आहे."

शुक्रवार, ७ मार्च

गेलं एक पाचला, आलं एक पस्तीसला. बुवांनी कॉम्प्युटरची झोप मोडायची काहीतरी तजवीज केली होती. मधेच डुलकी लागते म्हणे त्याला आणि मग तो वायर सोडतो. आमच्याकडे निम्मी माणसं तशीच आहेत, त्यांच्यावर काय उपाय?

संध्याकाळी सासूबाईंनी घरात पाऊल टाकायच्या आत धरलं.

"दुपारी तीनदा फोन केला. उचलत का नाहीस?"

"अहो, मशिनांचा आवाज केवढा असतो अहो."

"तू खोटं बोलतेस तेव्हा 'अहो' दोनदा लावतेस."

एवढ्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं. आता एकदाच लावायचं.

मंगळवार, ११ मार्च

काल रजा घेतली होती, सासूबाईंचे डोळे तपासायचे होते. डॉक्टरांनी अक्षरं वाचायला सांगितली तर म्हणाल्या, "मला वाचता येत नाही, दुसरं काहीतरी लावा." डॉक्टर हसले, मग चित्रांचा तक्ता लावला.

आज कारखान्यात पाऊल टाकलं तर आनंदीआनंद. बुवांनी रविवारी वायरींची डबी बदलली होती, म्हणजे जिथे सगळ्या वायरी येऊन मिळतात ती. काल अख्खा दिवस फोल्डर गेलं नाही! मालकीणबाईंनी सगळ्यांना चहा पाजला. बुवा ताठ मानेनं हिंडत होते. मला म्हणाले, "बघा वहिनी, तुम्ही नव्हतात आणि सगळं सुरळीत."

"घरी सासूबाईही हेच म्हणतात," मी म्हटलं.

गेलं एक पंधराला.

बुवांचा चेहरा बघवेना. मालकीणबाई चहा परत मागतात की काय असं वाटत होतं त्यांना.

गुरुवार, १३ मार्च

बुवांचा नवा शोध. रोज जेवणाच्या वेळेलाच जातं, म्हणजे दोष डबे गरम करायच्या ओव्हनचा. तो वीज ओढतो, म्हणून डबी दचकते. झालं, ओव्हनची वायर काढून मालकीणबाईंनी स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. बाया भडकल्या. थंडगार जेवण घशाखाली उतरेना.

मीही रागानं थंड डबा घेऊन माझ्या खोलीत बसले. ह्यांच्या आकड्याच्या अगदी जवळ पोचले होते, एक राणी अडली.

गेलं एक बाराला. ओव्हन सुटला.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी मालकीणबाई म्हणाल्या, "भंगारवाला पुढच्या शनिवारी येतोय. तुमच्या खोलीतला तो जुना कॉम्प्युटर मोकळा करून ठेवा. आणि खुर्चीपण, तिचा एक पाय हलतो."

मी "हो" म्हटलं. तिचा पाय पहिल्यापासूनच हलतो. हे खाली पुठ्ठा घालायचे.

दुपारी कुणाचीतरी पोरगी बाळाला दाखवायला घेऊन आली, सगळ्याजणींनी मला ओढून बाहेर नेलं. सुट्टी तशीच गेली. फोल्डरही शहाण्यासारखं राहिलं. पण माझं लक्ष लागेना. चार वाजता धागे मोजायचेत म्हणून खोलीत गेले, दार लावून घेतलं. डाव लावला, पण खेळले नाही. नुसतं बघत बसले.

गेलं चार वाजून पाच मिनिटांनी. बुवा आतापर्यंत जेवणाच्या वेळेच्या मागे होते, त्यांचं ते सगळं गणित पालथं झालं. मी बाहेर आले तर ते भिंतीला टेकून उभे होते. मी काहीतरी थट्टा करणार होते. केली नाही.

शनिवार, १५ मार्च

मालकीणबाईंनी बुवांना सगळ्यांसमोर नाही, ऑफिसात बोलावून सांगितलं. पण आमच्या ऑफिसची भिंत म्हणजे पत्रा.

"भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. सोमवारी कंपनीवाले बघायला येतायत. पुढचं तेच सांभाळतील. तुम्ही बुधवारी येऊन किल्ल्या द्या, तुमची हत्यारं घेऊन जा."

बुवा बाहेर येऊन माझ्या तपासणीच्या टेबलाशी बसले. मी रजिस्टर पुढे केलं. वेळा वाचत राहिले, बोट फिरवत, पोरं पाढे वाचतात तसे.

"हे एकच कायमचं काम राहिलं होतं, वहिनी. बाकी सगळे केव्हाच कंपनीकडे गेले."

"मग आता आराम करा की. सुटलात आमच्या कटकटीतून."

"रिकामं घर आहे. तिथे मी काय दुरुस्त करू?" मग थोड्या वेळानं म्हणाले, "कामाचं जाऊ दे. पण मला हे सापडलं कसं नाही? तीन आठवडे झाले. डोकंच चालेनासं झालं असेल माझं. तो असता तर त्यानं दोन दिवसांत…"

वाक्य अर्धंच टाकून त्यांनी रजिस्टर मिटलं. मी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

सोमवार, १७ मार्च

कंपनीवाला आला. गळ्यात पट्टा, पट्ट्यात फोटो. सकाळी दोन तास बसला, काही सापडलं नाही. जाताना म्हणाला, रजिस्टर नीट उतरवून द्या, दोन ठिकाणी वेळा नाहीत.

खरंच नव्हत्या, मी विसरले होते. म्हटलं आपल्या या वहीत असतील. जेवण झाल्यावर तपासणीच्या टेबलाशी बसले. एका बाजूला रजिस्टर, एका बाजूला ही.

चार तारीख. मी खोलीत. गेलं.

सहा तारीख. बुवांना जेवायला पिटाळलं, मी खोलीत. गेलं.

दहा तारीख. मी रजेवर. दिवसभर गेलं नाही.

चौदा तारीख. सुट्टीत मी बाहेर, बाळ बघत होते. गेलं नाही. चार वाजता खोलीत. लगेच गेलं.

मी परत पहिल्यापासून वाचलं. मग वही मिटली आणि पदरानं तोंड पुसलं, कुणी बघतंय का बघितलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि त्या गावात बुवांना तीन आठवडे मीच हिंडवलं.

पण त्या कॉम्प्युटरात आता फोल्डर नाही. मी त्याच्यावर पत्ते खेळते, नक्षीला हातही लावत नाही. मग कसं?

मंगळवार, १८ मार्च

आज खोलीत गेले नाही. फोल्डर गेलं नाही.

मालकीणबाई खूश. "बघा, कंपनीवाल्याची नुसती सावली पडली तर फोल्डर सरळ झालं!"

म्हणजे मी गप्प बसले की सगळं मिटतं. बटण दाबायचं नाही. शनिवारी भंगारवाला येईल, घेऊन जाईल. बिल्ले वेळेत होतील. पत्ते खेळणाऱ्या बाईला कुणी हसणार नाही. फक्त बुवा घरी बसतील आणि आपलं डोकं गेलं असं समजत बसतील.

सासूबाई म्हणाल्या, "आज गप्प का? ताप आहे का?" कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

बुधवार, १९ मार्च

बुवा किल्ल्या द्यायला आले. पिशवीत हत्यारं भरत होते. मालकीणबाई बाहेरगावी गेल्या होत्या, ते एक बरं.

मी म्हटलं, "भाऊजी, जायच्या आधी चोर पकडायचाय?"

"कुठला चोर?"

"फोल्डरचा. इथे बसा आणि घड्याळ बघा. मी गेल्यावर पाच मिनिटांच्या आत जाईल."

"तुम्हाला काय माहीत?"

"बसा म्हटलं ना!"

खोलीत गेले, चादर काढली, बटण दाबलं. खाकरला, उठला. आणि भिंतीपलीकडे एकेक करून सहाही मशिनं थांबली. इतके दिवस ही शांतता मी ऐकलीच नव्हती, पत्त्यांत असायचे ना. बुवांची पावलं पळत आली. दारात येऊन त्यांनी कॉम्प्युटर बघितला, मग मला बघितलं.

"हा चालू आहे?"

"रोज अर्धा तास. सुट्टीत. मी पत्ते खेळते." एका दमात सांगून टाकलं.

बुवा स्क्रीनजवळ वाकले. चौकोन तसाच होता, आज मी फुली मारली नव्हती. चष्मा वर करून वाचला आणि रिळांच्या खोक्यावर मटकन बसले.

"हा चौकोन रोज यायचा?"

"रोज."

"आणि तुम्ही?"

"फुली."

"काय लिहिलंय माहितीय? 'हा नंबर आधीच दुसऱ्याकडे आहे.' सरळ सरळ लिहिलंय! ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही येत असणार. मालकीणबाईंना विचारलंत तर म्हणतील…"

"त्याही फुलीच मारतात. आम्ही काय, दाराशी आलेल्या विक्रेत्यालाही तसंच करतो."

तेव्हा आम्ही दोघं हसलो. हसता हसता बुवा थांबले.

मग मला समजावून सांगितलं. वायरीवर प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर असतो, दारावरच्या घर नंबरासारखा. भरतकामाची मशिनं त्या नंबरावर जाऊन फोल्डर मागतात. ह्यांच्या कॉम्प्युटरला जो नंबर, तोच बुवांनी ऑफिसातल्या नव्याला दिला, कारण जुना बंदच राहणार होता. मी जुना उठवला की एका नंबराची दोन घरं. मशिनं भलत्याच दारावर थापा मारत बसायची.

"पण नव्याला नवा नंबर का नाही दिलात?"

"मालकीणबाईंना सांगितलं, सहा मशिनांत बदलत बसायला लागेल, काम अडेल." चष्मा पुसत होते. "खोटं सांगितलं. अर्ध्या तासाचं काम. पण तो नंबर त्यानं घातला होता, वहिनी. कारखाना सुरू झाला त्या दिवशी, माझ्यासमोर बसून. पुसायला हात उचलला नाही."

मी चादरीची घडी घातली. उलगडली. परत घातली.

जाताना म्हणाले, "तुम्ही कुणाला काही बोलू नका. चूक माझी, मीच सांगतो."

"म्हणजे काम गेलं ते गेलंच की."

"गेलंच आहे. तुमचं हसं कशाला?"

"भाऊजी, माझं हसं करायला मी काय तुमची परवानगी मागितली?"

गुरुवार, २० मार्च

सकाळी मालकीणबाई पर्स ठेवतायत तोवर मी आत शिरले आणि सगळं सांगितलं. पत्त्यांसकट. माझ्यामागोमाग बुवा आले, त्यांनी त्यांचं सांगितलं. दोघं शाळेत अंगठे धरून उभे असल्यासारखे.

मालकीणबाईंनी पर्स उचलली आणि परत खाली ठेवली.

"पत्ते?"

"हो."

"माझे किती घोडे गेले?"

"साठेक असतील."

"ते तुम्ही बसून उसवायचे. एकेक टाका."

"हो."

"तो कॉम्प्युटर शनिवारच्या आत इथून बाहेर. भंगारात द्या नाहीतर डोक्यावर घेऊन जा, मला विचारू नका." मग बुवांकडे वळल्या. "आणि तुम्ही. कंपनीवाला आल्या आल्या म्हणाला, दोष आमचा निघणारच नाही, बघायच्या आधीच सांगतो. इतक्या वर्षांत या ऑफिसात 'चूक माझी' म्हणणारी दोन माणसं आली, ती आज एकदम. किल्ल्या कुठे ठेवल्यात?"

"टेबलावर."

"उचला."

बुवांनी उचलल्या. बाहेर आल्यावर कुठल्या खिशात ठेवायच्या ते त्यांना सुचेना, तीन खिसे चाचपले. मी म्हटलं, "द्या, मी फुली मारते त्यांच्यावर." त्यांनी चटकन खिशात टाकल्या.

अकरा घोडे उसवले. बोटं दुखली.

रविवार, २३ मार्च

बिल्ले काल शाळेत पोचले.

आज सकाळी बुवा ह्यांचा कॉम्प्युटर घेऊन घरी आले. स्कूटरच्या मागे दोरीनं बांधलेला. सासूबाई दारातच.

"हे काय धूड आणलंत?"

"तुमच्या मुलाचा कॉम्प्युटर, काकू. वहिनींना पत्ते खेळायला."

"कामावर पत्ते खेळत होतीस?" माझ्याकडे बघितलं. "तरीच फोन उचलत नव्हतीस."

"अहो आई, रोज नाही अहो…" दोनदा लागलाच.

खिडकीजवळ टेबल रिकामं केलं. वायर फक्त विजेची लावली, दुसरी कुठलीच नाही. खाकरून उठला. आज चौकोन आला नाही. बुवा म्हणाले, याच्यात ह्यांच्या काही कच्च्या नक्ष्या राहिल्यात, कुणी मागितल्या नव्हत्या म्हणून नव्यात नेल्या नाहीत. एक उघडली. कोंबडा. खाली एक बटण होतं, ते दाबलं की सुई कशी चालेल ते दिसतं. पडद्यावर एक टाका पडला. त्याच्या शेजारी दुसरा.

सासूबाई मागे उभ्या होत्या. "हे कोण काढतंय?"

"त्यानं काढलंय, काकू. कुठला टाका कुठून कुठे जाणार, एकेक त्यानं ठरवलेला आहे."

"मला वाटायचं मशीन आपोआप काढतं." खुर्ची ओढून बसल्या. "रोज विचारायचे, दिवसभर काय करतोस रे? म्हणायचा, काही नाही गं, बसून असतो."

कोंबडा पुरा झाला. सासूबाई म्हणाल्या, "परत लावा."

परत लावला. पंख, पोट, शेपूट. भराभर झालं.

"एवढी कसली घाई? हळू नाही का लावता येत?"

बुवांनी वेग कमी केला.

"अजून हळू."

शेवटी बुवांनी अगदी तळाला नेऊन ठेवला. कोंबड्याला तुरा यायला पाऊण तास लागला. आम्ही तिघं बसून होतो.